न ऐकता म्हटलेलं व्हय

त्या मंगळवारी मी देवीला प्रदक्षिणा घालत होते. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीशी कायम ओल असते, पाय जपून टाकावा लागतो. तिथे असताना सभामंडपातून पुरुषांचा आवाज एका दमात उठला, "व्हय म्हाराजा," आणि एवढ्या आवाजांतून यांचा आवाज मला वेगळा ऐकू आला, तांदूळ निवडताना खडा जसा न बघता बोटाला लागतो तसा. त्यात नवल काही नव्हतं. दर वर्षी दिवाळी झाली, गावावरचा कातळाचा सडा वाळला, की जिमखान्याची मंडळी क्रिकेट खेळायची काथ्याची चटई घेऊन देवळात येतात, नारळ ठेवतात आणि मानकऱ्यांपैकी कुणीतरी गाऱ्हाणं घालतो. एकानं देवीपाशी मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला व्हय म्हाराजा म्हणून रुकार द्यायचा, ही आमच्याकडची रीत. लहानपणापासून ती जिभेवर इतकी बसलेली असते की मागणाऱ्याचा आवाज खाली उतरला की आपलं तोंड आपोआप उघडतं. मी थांबले ती त्या आवाजानं नाही, त्याच्या आधीच्या वाक्यानं. गाऱ्हाणं महिपतराव घालत होते. मंडळींच्या हातापायांना बरकत मागून झाली, वाटेतल्या काट्याकुट्याचं निवारण मागून झालं, आणि मग त्याच लयीत, श्वाससुद्धा न बदलता, ते म्हणाले होते, "आणि येत्या रविवारी जिमखान्याच्या बैठकीत आप्पासाहेबांच्या नावावर ह्या सगळ्या लेकरांचे हात एकमतानं वर जाऊ देत, आणि ज्याचा हात खाली राहील त्याचं तू बघून घे." त्यावर सगळे व्हय म्हाराजा म्हणाले होते. हेही म्हणाले होते.

प्रदक्षिणा अर्धी सोडता येत नाही. मी भिंतीला हात लावत पुढे आले तेव्हा नारळ फुटला होता, आणि मंडळी खोबऱ्याच्या तुकड्यांसाठी हात पुढे करत होती. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आपण काय म्हटलं हे त्यांतल्या निम्म्यांना कळलंच नव्हतं, आणि उरलेल्यांना हळूहळू कळत होतं; पाण्यात टाकलेला कपडा जसा एका कोपऱ्याकडून भिजत जातो तसं ते त्यांच्या तोंडांवर पसरत होतं. यांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता, आणि तो तोंडाकडे न्यायचं ते विसरले होते. देवळाबाहेर पायऱ्यांच्या खाली, गुंडाळलेल्या चटईवर, मजीदभाई बसले होते. ते देवळात येत नाहीत, पण गेली कित्येक वर्षं नारळाच्या दिवशी ते चटईबरोबर येतात, कारण चटई त्यांच्याच मचव्यातून मलबारहून येते. खोबऱ्याचा तुकडा ते दोन्ही हातांनी घेतात आणि डोक्याला लावून खातात. देवळाचा सभामंडप उघडा. आतला शब्द न् शब्द पायऱ्यांवर ऐकू येतो. मजीदभाईंनी मान वर केली नाही. चटईतून सुटलेला एक काथ्याचा धागा ते बोटाभोवती गुंडाळत होते आणि सोडत होते.

येत्या रविवारी उभे राहायचे होते ते मजीदभाईच. आप्पासाहेबांच्या विरुद्ध. आणि त्यांना उभं करणारे आमच्याकडचे हे.

बायकांना जिमखान्यातलं काय कळणार, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. मी खेळ एकदाच पाहिला, तोही सड्याच्या रस्त्यानं जाताना, डोईवरचा पदर सावरत, थांबल्यासारखं दिसू नये इतकंच थांबून. हे यष्ट्यांच्या मागे उकिडवे बसले होते आणि दोन्ही हात पुढे केले होते. मला वाटलं, प्रसाद घ्यायला बसलेत. समोरून मजीदभाई धावत येत होते, तेव्हा ते सडसडीत होते, आणि त्यांच्या हातून चेंडू सुटला तो मला दिसलाच नाही, फक्त यांच्या हातात काहीतरी येऊन थडकल्याचा आवाज आला. संध्याकाळी हळद गरम करून मी यांच्या बोटांना लावली. उजव्या हाताची दोन बोटं त्या मजीदभाईंच्या चेंडूंनी कायमची वाकडी झाली आहेत. कस्टमच्या कचेरीत त्या बोटांनी लिहिताना यांचं अक्षर उताराकडे झुकतं, आणि साहेब त्यावरून चेष्टा करतो, पण यांनी कधी तक्रार केली नाही. लोक सांगतात की झेल हातात येण्याआधी जमिनीला लागला असला, तर पंचाच्या आधी हेच मान हलवायचे. आपली माणसं चिडायची. हे म्हणायचे, मला हातात कळतं ना. हे ऐकलं की मला पूजेला बसल्यासारखं वाटायचं. मी देवाचं पुष्कळ करते. रोज उठून वाती वळते, तुळशीला पाणी घालते, प्रदक्षिणा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. पण मी जे करते ते सगळं ठरलेलं असतं, कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं. यांना त्या क्षणी कुणी सांगितलेलं नसायचं.

आप्पासाहेब वकील. वर्षानुवर्षं जिमखान्याचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, उलट सज्जन. पण गुडघ्यांमुळे सड्यावर जाणं सुटलं, आणि त्यांच्या वतीनं सगळं महिपतराव पाहू लागले. कोण खेळणार, कोण कोल्हापूरला जाणार, हे आप्पासाहेबांच्या ओटीवर ठरायचं आणि ते महिपतराव ठरवायचे. गेल्या साली मिरकरवाड्यातले दोन चांगले गडी राहून गेले आणि कोर्टातल्या कुणाचा तरी पुतण्या गेला. तो पहिल्याच चेंडूला परत आला, ते वेगळं. आता पुण्याला सगळ्या प्रांताचं म्हणून एक मंडळ निघणार होतं, तिथे आमच्या बाजूनं अध्यक्षानं बसायचं होतं, म्हणून खुर्चीला एकदम भाव आला. शिमग्याच्या सुमाराला हे मजीदभाईंच्या मागे लागले. मजीदभाई आमच्या अंगणात बसून हसत होते. म्हणाले, "सख्या, मी आता खजूर विकतो. मला खुर्चीवर बसवू नको, खुर्ची मोडेल." हे हसले नाहीत. म्हणाले, तू उभा राहा, पहिला हात माझा वर जाईल. एवढंच. मी दारामागून ऐकत होते, आणि मला आठवतं, मजीदभाईंचं हसू तिथेच थांबलं, आणि त्यांनी यांच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं.

हात वर करून मत द्यायची जिमखान्यात पद्धत. हे सेक्रेटरी, त्यांचा हात कुणाकडे जातो ते बघून कुंपणावरचे पाचसहा जण हात उचलतात. दोन्ही बाजूंची माणसं जवळजवळ बरोबरीची, असं हे दिवाळीत बोलले होते. महिपतरावांनी ते मोजलं असणारच. त्यांच्या घराण्याला गाऱ्हाण्याचा मान आहे, आवाज चांगला आहे. त्यांनी देवीलाच सभासद करून घेतलं.

देवळातून परत येताना हे पुढे आणि मी मागे. रस्त्यावर शेवाळ वाळून काळं पडलं होतं. यांनी वाटेत एकदाही मागे पाहिलं नाही, पण चाल हळू होती, म्हणजे मी गाठावं अशी. मी गाठलं नाही. घरी कमळा ओटीवर बसली होती, पहिलं बाळंतपण म्हणून दापोलीहून माहेरी आलेली, पाय सुजलेले, पुढ्यात आवळ्याची फोड. "नाना, गो आई, खोबरं आणलंत काय?" तिनं विचारलं. यांनी हातातला तुकडा तिला दिला. तो तसाच होता. मी पुढे होऊन तो काढून घेणार होते. का, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. ज्याचा हात खाली राहील त्याचं तू बघून घे. कमळानं तो तुकडा कुडुम्‌कन चावला आणि मला तो आवाज छातीत ऐकू आला.

कार्तिकात माझं दिवेलागणीपासून यांचं जेवण होईपर्यंत मौन असतं. वाडीत सगळ्यांना ते ठाऊक आहे. महिपतराव नेमके दिवेलागणीला आले. मी तुळशीपाशी दिवा लावून आत वळत होते, तर ते अंगणात उभे, हसतमुख, खांद्यावर उपरणं. यांनी त्यांना ओटीवर बसवलं. मी चहा ठेवला. ओटीवर काय बोलणं झालं ते मी चुलीपाशी बसून सगळं ऐकलं. आधी कमळाची चौकशी, मग कितवा महिना, मग सुईण कोण, मग आपल्या वाडीत गेल्या सालच्या दोन बाळंतिणींचं काय झालं त्याची उजळणी. मग म्हणाले, देवी आहे आपली जागती, तिच्यापुढे तोंडातून गेलेला शब्द सांभाळावा लागतो, नाहीतर मी काय, मी सांगणारा कोण. हे म्हणाले, महिपत, तू ते वाक्य मध्ये घातलंस. महिपतराव म्हणाले, घातलं, आणि तुम्ही सगळे व्हय म्हणालात. कान कुणी बंद केले होते तुमचे. मी चहा घेऊन बाहेर आले, कप खाली ठेवला, आणि महिपतरावांनी मला पाहून हात जोडले. म्हणाले, "वहिनी, तुमच्याएवढं व्रतवैकल्य वाडीत कुणाचं नाही. तुम्हीच सांगा. देवीपुढं म्हटलेलं व्हय मोडता येतं काय?"

मी उभी राहिले. माझं मौन होतं. मला मान हलवता आली असती, नाही अशीही, हो अशीही, पण मौनात मानेनंसुद्धा उत्तर देऊ नये असं माझ्या आईनं शिकवलेलं, आणि ते इतकं अंगात होतं की मान हललीच नाही. कपातून वाफ वर येत होती. महिपतराव यांच्याकडे वळून म्हणाले, बघ सखाराम, वहिनी नाही म्हणाल्या नाहीत. चहा प्यायले, उठले, आणि जाताना दाराशी कमळाला म्हणाले, सांभाळ गो पोरी.

त्या रात्री मी जेवले नाही. उपास म्हणून नाही. यांच्या तोंडून त्यांचं व्हय काढून घेतलं, आणि माझ्या गप्प बसण्यातून माझं. माझं मौन मी देवीसाठी ठेवलेलं. ते कुणीतरी ओटीवरून उचलून आपल्या खिशात घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाती वळत होते. मांडीवर राख, डाव्या हातात कापूस, उजव्या तळव्याखाली तो फिरतो आणि वात होते. हे काम करताना मन कुठेही जातं, आणि त्या दिवशी ते दाभोळला गेलं, खाडीच्या तोंडाशी, मचव्यावर तांडेल असलेल्या माझ्या बापाच्या घरी. मला देवी आल्या तेव्हा मी बोलायला लागले नव्हते. मी जगणार नाही असं ठरलं होतं. आईनं दर्यावरच्या देवीला सांगितलं, पोर राहिली तर तिच्या केसात सुरंगी कधी चढणार नाही, तिच्या वाट्याची सुरंगी तुला. मी राहिले. सुरंगीच्या दिवसांत गावातल्या सगळ्या मुली त्या वासात न्हालेल्या असायच्या, आणि मी बिनफुलांची. मला कुणी विचारलं नव्हतं. लग्न होऊन रत्नागिरीस आले तेव्हा पहिल्याच वर्षी हे कचेरीतून येताना सुरंगीचा गजरा, आमच्याकडचा वळेसर, घेऊन आले. पिवळसर, केळीच्या पानात बांधलेला. घरभर वास. मी तो हातात घेतला. सांगायचं तर मी तो नाकाशी धरला, पुष्कळ वेळ धरला. आई तिकडे दाभोळला, नवस तिचा, मला आठवतही नाही तो आजार. माळला असता तर कुणाला कळलं असतं? मग मी यांना सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील, किंवा हसतील. यांनी वळेसर माझ्या हातातून घेतला, पायात वहाणा घातल्या आणि तसेच देवळात जाऊन, देवी सगळीकडे एकच म्हणून, इथल्या देवीला घालून आले. तेव्हापासून दर वर्षी सुरंगीचा पहिला वळेसर हे आणतात, मला फक्त दाखवतात, आणि देवळात नेतात. नवस आईनं बोलला, मी पाळते, आणि पोचवतात हे, ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

वात तळव्याखाली थांबली. बाहेर मजीदभाईंचा आवाज होता. ते आत येत नव्हते, अंगणात फणसाखाली उभे होते, आणि हे पायरीवर. मजीदभाई मोठे गृहस्थ, आवाजही मोठा, पण त्या दिवशी हळू बोलत होते. मी उठून दारापाशी गेले.

"सख्या," ते म्हणाले, "मी ऐकलं. तुझ्या देवीपुढं तू बोललास. तुझा मला दिलेला शब्द मी सोडला. आमच्यात पण कसम असते. तिच्याशी खेळ करू नये. घरात पोर आहे."

हे म्हणाले, मी ऐकलं नव्हतं रे. मजीदभाई म्हणाले, मला माहीत आहे; तू ऐकलं असतंस तर मधेच थांबला असतास, सगळ्या देवळाची लय बिघडवली असतीस. हे बोलताना ते थोडे हसले. मग म्हणाले की हाजराही तेच म्हणते, हात वर करू नको म्हणावं त्यांना, आपल्याला काय, आपण मचवे बघू. हाजरा त्यांची बायको; आमच्या कमळासाठी तिनं खारका पाठवल्या होत्या, त्या फडक्यात बांधलेल्या त्यांनी पायरीवर ठेवल्या आणि गेले. पाठीमागून त्यांची चाल मी पाहिली. इतका मोठा माणूस, स्वतःची हार दुसऱ्याच्या दारात आणून ठेवून खाली उतरत होता, आणि पाय कुठेही जड पडत नव्हता. मला वाटलं, हा माणूस माझ्या आईसारखा आहे. पोर राहावी म्हणून सोडून देणारा, आणि पोरही दुसऱ्याची.

आता तर सगळं सोपं झालं होतं. शब्द ज्याला दिला त्यानंच परत केला. देवीपुढचं व्हय राहिलं होतं, ते पाळलं की झालं. रविवारी हात आप्पासाहेबांसाठी वर जाईल, कमळा सुखरूप बाळंत होईल, महिपतराव हसतील. मी मनात हे सगळं मांडून पाहिलं, आणि माझ्या एवढ्या व्रतांना ते पटायला हवं होतं. पण यांच्या तोंडाकडे पाहिलं तर ते फडक्याच्या गाठीकडे बघत होते आणि वाकड्या बोटांनी गाठ सोडवायचा प्रयत्न करत होते. गाठ सुटत नव्हती. मी पुढे होऊन सोडवली. तेव्हा यांनी विचारलं. इतक्या वर्षांत यांनी मला जिमखान्यातलं काही विचारलं नव्हतं.

"तुला व्रताचं कळतं. सांग. न ऐकता म्हटलेलं व्हय बांधतं का?"

बांधत नाही म्हणावं, तर मग सुरंगीचं काय? ते व्हय तर मी म्हटलंसुद्धा नव्हतं. मग इतकी वर्षं मी जे ओंजळीत धरून होते ते काय होतं? बांधतं म्हणावं, तर ओटीवर महिपतरावांनी माझ्या गप्प बसण्याचं जे केलं तेही खरं धरायला हवं. मला भीती वाटत होती. कमळा आत झोपली होती, झोपेत तिचा श्वास जड झाला होता, आणि तो मला ऐकू येत होता. मी मनात त्या पहिल्या वळेसराकडे परत गेले. केळीचं पान, तो वास, माझं नाक त्यात. आईचा नवस माझा झाला तो तेव्हा. आईनं बोलला तेव्हा नाही. मी वास घेतला, मला माळायचा होता, आणि मी तो परत दिला, तेव्हा. त्याआधी तो आईचाच होता.

मी म्हटलं, "तोंडानं म्हटलंत ते महिपतरावांचं होतं. रविवारी हात उचलाल तो तुमचा. पण देवीला आधी सांगून या. चोरून नको."

यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, कमळी? मी म्हटलं, सांगताना तिचंही नाव घ्या. माझ्या आवाजावर माझाच विश्वास बसला नाही. तो स्थिर होता.

शुक्रवारी सकाळी मीही बरोबर गेले. देवळात गुरव भागोजी होता, झाडून घेत होता. दुसरं कुणी नाही. यांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. यांनी कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं, तो मान आमचा नाही. शब्द अडखळत होते. म्हणाले, "बाये, मंगळवारी मी न ऐकता व्हय म्हटलं. ते मी परत मागतो. मजीदला मी आधी शब्द दिला होता, तो ऐकून दिला होता. रविवारी माझा हात त्याच्याकडे जाईल. राग आला तर माझ्यावर काढ, माझ्या लेकीवर काढू नको." आणि थांबले.

गाऱ्हाण्याला रुकार लागतो. रुकाराशिवाय ते अधांतरी राहतं, देवीपर्यंत पोचत नाही असं मानतात. भागोजी खाली बघत होता. महिपतरावांच्या घराण्याचा मान, आणि भागोजी त्या देवळावर जगणारा. त्याचं तोंड उघडणार नव्हतं आणि त्यात त्याचा दोष नव्हता. केरसुणी त्यानं हातात घट्ट धरली होती. सभामंडप रिकामा. यांचे शब्द कुठेतरी खांबांमध्ये लटकून राहिले. बायका रुकार देत नाहीत. कधी दिलेला मी ऐकला नाही. पण यांचे हात जोडलेलेच होते, आणि दुसरं कुणी नव्हतं. "व्हय म्हाराजा," मी म्हटलं. एवढ्या हळू की भागोजीनं मान वर केली ती ऐकू आलं म्हणून नव्हे, माझे ओठ हललेले दिसले म्हणून असेल. मग केरसुणी खाली ठेवून त्यानं नारळ फोडला.

रविवारचं मी पाहिलं नाही. यांनी आणि मजीदभाईंनी आमच्या अंगणात बसून सांगितलं ते ऐकलं. बैठकीत आप्पासाहेब खुर्चीत होते. हात वर करायच्या आधी हे उभे राहिले आणि मंगळवारची गोष्ट सगळ्यांपुढे सांगितली, कुणाला नाव न ठेवता: मी न ऐकता व्हय म्हटलं, देवीला सांगून परत घेतलं, आता ऐकून हात वर करतो आहे. आणि हात वर केला. आप्पासाहेबांना देवळातलं काहीच ठाऊक नव्हतं; गुडघ्यांमुळे ते तिथे आले नव्हते. ते महिपतरावांकडे बघत राहिले. मग हात मोजले. मजीदभाईंच्या बाजूनं देवळात न येणारी त्यांची माणसं आणि हे आणि आणखी दोघं. आप्पासाहेबांच्या बाजूनं महिपतराव आणि कोर्टातले काही. बाकी सगळ्यांचे हात खालीच. देवीपुढचं मोडवेना, आणि यांच्यासमोर ते पाळवेना. मोठमोठी माणसं तळवे मांडीखाली दाबून बसली होती, मजीदभाई सांगताना नक्कल करून दाखवत होते. आप्पासाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "मंडळी, देवीनं तुमचे हात बांधलेले दिसतात. माझ्यासाठी तिला मध्ये आणावं लागलं, म्हणजे मी मंगळवारीच हरलो." मजीदभाई दोन हातांच्या फरकानं निवडून आले. आप्पासाहेब गुडघ्यावर हात ठेवून उठले, आपली खुर्ची त्यांनी स्वतः ओढून मजीदभाईंपुढे केली, आणि म्हणाले, जपून, जुनी आहे. माणूस सज्जन, म्हटलं ना मी. अशा वेळी असं उठता येणं हे कुणाला शिकवता येत नाही.

आणि बाहेर पडताना महिपतराव यांच्या कानाशी येऊन म्हणाले होते, सखाराम, लेक मोकळी होईपर्यंत तुला झोप लागायची नाही. हे यांनी मजीदभाई गेल्यावर सांगितलं. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? म्हणाले, "काय म्हणणार. खरंच आहे ते. हात वर करताना कमळीच डोळ्यांपुढे होती. हात जड झाला होता गो."

मला वाटत होतं की यांना भीती वाटली नसेल, देवीला सांगून आल्यावर ती सुटली असेल. तशी माझी सुटते, दिवा लावला की, प्रदक्षिणा झाली की. यांची सुटली नव्हती. ती घेऊनच हे उभे राहिले होते. मी यांच्याकडे पाहत राहिले. सदऱ्याची कॉलर उलटी झाली होती, कपाळावर घाम वाळला होता. हेच का ते, असं वाटलं, आणि हेच ते, असंही.

मी आत गेले. कमळा कुशीवर झोपली होती. उन्हाची तिरीप तिच्या पायांपर्यंत आली होती, सुजेवर कातडी चकाकत होती. दिवस भरायला अजून अवकाश होता, आणि त्या अवकाशात काय काय होऊ शकतं ते महिपतरावांनी ओटीवर बसून मोजून दाखवलं होतं. मी तिच्याशेजारी बसले. हात तिच्या पोटाकडे नेला आणि अलीकडेच थांबवला. मी तिथे काय शोधणार होते? आणि सापडलं नाही तर? बाहेर हे पाय धूत होते, पाण्याचा आवाज येत होता. मी हात ठेवला. आत काही हललं की कमळाचा श्वासच होता, सांगता येत नाही. मी हात काढला नाही.